हिरव्या भुवया

सत्यशीलाला भुवया नव्हत्या. ज्या दिसायच्या त्या ती रोज सकाळी स्वतः काढायची. आगकाडीला कापूस गुंडाळायचा, काजळाच्या डबीत बुडवायचा आणि कपाळावर हाडाचा उंचवटा चाचपत हलक्या हाताने ओढायचा. डावी मनासारखी उतरली की उजवी बिघडायची. उजवी सुधारायला जावं तर ती जाड व्हायची, मग डावीला तिच्याएवढी करावी लागायची. एवढं उरकून ती बालवाडीत जायची. सावली या बाजाराच्या गावापासून थोड्या अंतरावरच्या त्या गावात तिला सगळे बालवाडीच्या बाई म्हणून ओळखत.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिच्या कानाच्या पाळ्या जाड झाल्या, कपाळ तेल लावल्यासारखं चकाकायला लागलं आणि भुवया बाहेरच्या टोकांकडून विरळ होत गेल्या. कुष्ठरोगाचे चट्टे पाहणारा साहेब सायकलवर गावात आला तेव्हा त्याने तिला डोळे मिटायला सांगून कोंबडीचं पीस चेहऱ्यावर फिरवलं. उजव्या बाजूला ते कळलं. डाव्या भुवईवर त्याने ते फिरवलं की नाही, हे तिला सांगता आलं नाही. साहेबाने रोगाचं नाव हळू आवाजात घेतलं, पण घरातल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं.

नवरा श्रावण सावलीच्या राईस मिलमध्ये होता. तो त्या दिवशी जेवला नाही, पण दुसऱ्या दिवशी तिला सायकलवर बसवून सावलीच्या दवाखान्यात घेऊन गेला. सासू धुरपताबाईने गावात सांगून टाकलं की सुनेला टायफाईड झाला होता, त्यात केस गळले. गावाने त्यातलं अर्धं खरं मानलं. गोळ्या वर्षानुवर्षं चालल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बऱ्या झालात. तुमच्यापासून कोणाला काही होणार नाही."

"अन् भुवया?" तिने विचारलं.

"त्यांचं काही सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

भुवया आल्या नाहीत. सत्यशीलाने काजळावर चालवलं. तसंच चाललंही असतं, पण सत्याऐंशीच्या चैत्रात गावातल्या देवाजीच्या पोरीच्या लग्नात ती पंगतीत वरण वाढत होती. मांडवाखाली ऊन कोंडलं होतं. घाम डोळ्यांत उतरला म्हणून तिने पदराने कपाळ पुसलं आणि वाढत पुढे गेली. चार पानांनंतर एका पाहुणीने पत्रावळीवर आडवा हात धरला.

"राहू द्या बाई. पोट भरलं."

पाहुणीच्या पत्रावळीवर भात कोरडा होता. सत्यशीलाने तिच्याकडे पाहिलं, तर ती सत्यशीलाच्या कपाळाकडे पाहत होती. घरी येऊन आरशात बघितलं तेव्हा डावी भुवई पुसून कानापर्यंत काळा पट्टा गेलेला होता, आणि जिथे ती असायला हवी तिथे गुळगुळीत कातडी होती.

त्यानंतर तिच्या मनात गोंदणाचं आलं. सावलीच्या बाजारात बायनाबाई बसायची. ती पूर्वी हाताने, सुयांनी गोंदायची. अलीकडे तिच्याकडे बॅटरीवर चालणारी मशीन आली होती आणि पोरं हातावर विंचू, नाव, काय वाट्टेल ते काढून घेत. बालवाडीत पोर पोहोचवायला येणाऱ्या एका बाईने सांगितलं की बायनाबाईने कुणा म्हातारीला भुवया काढून दिल्या, आणि वरून पापण्यांच्या कडेला काजळही गोंदून दिलं. जन्मभर धुतलं तरी जात नाही.

जन्मभर हा शब्द सत्यशीलाच्या डोक्यात अडकून बसला. कधी तो चांगला वाटायचा, कधी अंगावर यायचा.

तिने श्रावणला विचारलं.

"कर नं," तो म्हणाला.

"तुम्हाले आवडन का?"

"मले तं असंबी चालते."

"मंग नको करू का?"

"तसं कुठी म्हनलं? कर म्हनलं नं मी."

दोन्ही उत्तरं एकाच तोंडातून आली आणि तिला दोन्हींचा राग आला.

धुरपताबाईने मात्र सरळ नाही म्हटलं. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण होतं, लहानपणी आईने धरून बसवून काढून घेतलेलं. छप्पन्न साली ती बैलगाडीने चांद्याला बौद्ध धम्माच्या दीक्षेला गेली होती आणि परत आल्यावर आपल्या एकाही पोरीच्या अंगावर तिने सुई लावू दिली नाही.

"आमी हे सोडलं," ती म्हणाली. "माह्या हातावरचं निघत नाई म्हनून हाय. तू शिकलेली. बालवाडी चालवतं. अन् आता पुन्हा सुईखाली जाशीन?"

"हे देवाधर्माचं नाई नं आत्याबाई. भुवया हायेत."

"तुले वाटते तसं. पाह्यनाऱ्याले गोंदनच दिसन." मग म्हणाली, "अन् लोक म्हनतीन, काऊन केलं? काजळ सारेच लावतात, त्याले कोनी इचारत नाई."

सत्यशीलाला हे बरोबर वाटलं. सकाळी काजळाने भुवया काढताना मात्र पाहुणीचा आडवा हात आठवला आणि सासूचं म्हणणं चुकीचं वाटायला लागलं. विहिरीवर ती ठरवायची की करायचं. बालवाडीत पोरं मांडीवर चढून तिच्या तोंडाला हात लावायची तेव्हा वाटायचं, आता करायचंच. संध्याकाळी आरशासमोर चेहरा धुतला की आतून कुणीतरी विचारायचं, हा चेहरा कुणाचा आहे मग? रोग गेला, हा राहिला. याच्यावर कायमचं दुसरं काही काढलं तर आपण लोकांना फसवतो की रोगाने जे नेलं ते परत घेतो? रोज तेच विचारून ती थकली होती.

एका बाजाराच्या दिवशी तिने मिरच्या घेतल्या, टमाटर घेतले, आणि पाय बायनाबाईच्या पालाकडे वळले. नुसतं विचारून येऊ, असं तिने ठरवलं होतं.

बायनाबाई पोत्यावर बसून पान लावत होती. तिने सत्यशीलाच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि विचारण्याआधीच म्हणाली, "भुवया नं? बस."

"इचारासाठी आली होती."

"इचार बसून."

ती बसली. बायनाबाईने ओल्या फडक्याने काजळ पुसलं आणि बाजाराच्या गर्दीत सत्यशीलाचं कपाळ उघडं पडलं. ती घाईने पालाच्या आत सरकली. बायनाबाईने शाईच्या कांडीने दोन कमानी काढून आरसा समोर धरला. दोन्ही सारख्या होत्या. इतक्या सारख्या सत्यशीलाला कधीच जमल्या नव्हत्या.

"काजळबी करून देऊ का? डोये मोठे दिसतीन."

"डोळ्याजवळ नको." हे मात्र तिच्या तोंडून लगेच निघालं.

बायनाबाईने सुई गरम पाण्यात बुडवून पुसली आणि मशीन सुरू केली. बॅटरीची भुणभुण कानाशी आली. उजव्या भुवईवर सुई टेकली तशी सत्यशीला दचकली, डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहिलं. बायनाबाई एका हाताने तिचं डोकं धरून गोंदत राहिली. अर्धी भुवई झाल्यावर तिने पाणी पुसायला सांगितलं, मग उरलेली केली. झाली तेव्हा सत्यशीलाचा पदर भिजला होता.

"आता डावी."

भुणभुण जवळ आली. सत्यशीला दुखायची वाट पाहत राहिली. आवाज कपाळावर होता, कवटीत थरथर होती, पण टोचत काहीच नव्हतं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण दुखल्यासारखं करायला हवं होतं. तिने तोंड वाकडं केलं. "स्स" असा आवाज काढला. पण तो उशिरा निघाला, आणि डोळा कोरडाच राहिला.

मशीन थांबली.

"इथी दुखत नाई का?" बायनाबाईने विचारलं.

"दुखते."

"मंग पानी काऊन नाई?"

बाहेर कुणीतरी कांद्याचा भाव ओरडत होतं. सत्यशीला पालाच्या फाटक्या कापडाकडे पाहत राहिली. खोटं बोलायला काही सुचलं असतं तर ती बोलली असती.

"मले होता," ती म्हणाली. "आता नाई. गोळ्या खाल्ल्या. डाक्टर म्हनले, बरी झाली."

बायनाबाईने तिच्या डोक्यावरचा हात काढून घेतला आणि मशीन मांडीवर ठेवली. सुईकडे पाहिलं.

"आंधी सांगाचं होतं."

"सांगतलं असतं तं केलं असतं का?"

बायनाबाईने फडक्याने सुई पुसली. तिलाही ठाऊक नसावं. मग म्हणाली, "माह्या घरी लेकरं हायेत. अन् हे सुई दुसऱ्याले लावाची असते."

"माह्यापासून होत नाई कोनाले."

"तू म्हनतं."

"डाक्टर म्हनते."

"अशीच अर्धी सोडू का तुले?" बायनाबाई स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. मग तिने सुई काढून टाकली, पेटीतून नवी काढून बसवली आणि पुन्हा डोकं धरलं. या वेळी हात पहिल्यापेक्षा जड होता. उरलेली भुवई तिने पूर्ण केली. सत्यशीला उठली तेव्हा बायनाबाई तिच्याकडे न पाहता म्हणाली, "हळद-तेल लाव. अन् कोनाले सांगू नको, इथी केलं म्हनून."

घरी धुरपताबाईने तिला पाहिलं आणि चुलीकडे तोंड फिरवलं. कितीतरी दिवस ती सुनेशी फक्त कामापुरतं बोलली. श्रावण बराच वेळ पाहत राहिला.

"कशा दिसतात?"

"भुवयांसारख्या," तो म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून घाईने पुढे बोलला, "चांगल्या दिसतात."

खपल्या पडल्यावर रंग हिरवट निघाला. लांबून ठीक होतं. जवळून पाहणाऱ्याला गोंदण कळायचं, सासूने म्हटलं होतं तसंच. आता घाम आला तरी काही वाहत नसे. पंगतीत ती निर्धास्त वाढू शकली असती, पण त्या उन्हाळ्यात कुणी वाढायला बोलावलं नाही, आणि याचं कारण भुवया आहेत की आणखी काही, ते तिला कळेना. सकाळचा वेळ मोकळा झाला होता. त्या वेळाचं काय करायचं हेही कळेना.

पावसाळा सरल्यावर, धान निसवण्याच्या, लोंब्या बाहेर पडण्याच्या दिवसांत, दुपारी एक बाई दाराशी आली. शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, नाव रुखमा. डोक्यावरचा पदर तिने पुढे ओढून घेतला होता.

"बाई, तुमी भुवया कुठी केल्या?"

सत्यशीलाने तिला आत बोलावलं. रुखमा उंबऱ्याशीच टेकली. चहा दिला तर म्हणाली, तहान नाही. पदर थोडा सरकला तेव्हा सत्यशीलाला तिचं कपाळ दिसलं, आणि कानाच्या जाड, चकाकत्या पाळ्या.

"दवाखान्यात दाखवलं का?" सत्यशीलाने विचारलं.

"कायले? मले काय झालं? उन्हानं केस गेले." मग खालच्या आवाजात, "जावयाच्या घरचे येऊन राह्यले दिवाळीले. तेवढ्यात करून घेतो म्हनलं. कुठी बसते ते गोंदनवाली?"

बायनाबाईचं नाव सत्यशीलाच्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. नाव सांगितलं तर ही उद्या जाईल, भुवया काढून घेईल, आणि आत जे चाललंय ते चालू राहील. तिच्या स्वतःच्या भुवयांनी एक गेलेली गोष्ट झाकली होती. हिच्या भुवया असलेली गोष्ट झाकतील. पण नाव नाही सांगितलं तर ही म्हणेल, बाईने स्वतःचं करून घेतलं आणि मला दारातून परत पाठवलं. आणि ते खोटं कसं म्हणायचं?

"सांगतो," ती म्हणाली. "पन आंधी माह्यासंगं दवाखान्यात चाल. मंगळवारी डाक्टर असते."

रुखमा उठून उभी राहिली. "मले तो रोग नाई, बाई."

"मले होता."

हे ती दारात, उजेडात, चांगल्या आवाजात बोलली. आत धुरपताबाई सुपातलं धान पाखडत होती, तिचे हात थांबले. रुखमाने सत्यशीलाच्या कपाळाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, आणि निघून गेली.

"तुले काय गरज होती?" धुरपताबाई आतून म्हणाली. "आता गावभर होईन."

"माहीत नाई," सत्यशीला म्हणाली.

मंगळवारी ती बालवाडी लवकर सोडून फाट्यावर गेली. बस आली तरी रुखमा दिसली नाही. श्रावणला काय सांगायचं, एकटीने दवाखान्यात जाऊन काय करायचं, याचा विचार करत ती चढली. बस सुटून वळणाशी आली तर तिथे एका बाईने हात दाखवून ती थांबवली. पदर पुढे ओढलेला, हातात रिकामी पिशवी, बाजाराला निघाल्यासारखी. मंगळवारी बाजार नसतो.

रुखमा वर चढली. सत्यशीलाच्या शेजारची जागा रिकामी होती. तिने ती पाहिली, सत्यशीलालाही पाहिलं, ओळख दाखवली नाही, आणि दोन बाकं सोडून पुढे खिडकीशी जाऊन बसली. सत्यशीलाने तिला हाक मारली नाही. कंडक्टर आला तेव्हा रुखमाने सावलीचं तिकीट मागितलं.