झाकणाच्या आतली बाजू

सासूबाई माझ्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून आल्या. एका घरात राहतो, सकाळी चहा एकत्र घेतो, पण त्या दुपारी त्यांनी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बैठक मारली आणि पिशवीतून सासऱ्यांचं मनगटी घड्याळ काढून काचेवर ठेवलं.

“हे कधीचं आहे ते सांग. सून म्हणून नको, घड्याळवाली म्हणून सांग.”

“आई, अहो घरी विचारायचं की!”

“घरी तुझा नवरा मध्ये मध्ये बोलतो.”

हे मात्र खरं होतं. मी दुकानाचं दार लोटून घेतलं.

घड्याळाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. लग्नात सासूबाईंच्या वडिलांनी ते स्वतःच्या हातातून काढून जावयाच्या हातात घातलं होतं. त्यापुढची गोष्ट मला त्या दिवशी कळली. लग्नानंतर काही वर्षांनी घड्याळ हातातून नाहीसं झालं. ‘दुरुस्तीला दिलंय’ असं सासरे म्हणाले. परत आलं ते लखलखीत होऊन.

“आणि ते हे नव्हतंच,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या वडिलांच्या घड्याळाला पट्टा अडकवायला दोन्ही बाजूंना तारेची कडी होती, घड्याळाच्या अंगालाच झाळलेली. पट्टा बदलायचा तर चांभाराकडून कडीभोवती शिवून घ्यावा लागायचा. याला बघ, सुटणाऱ्या पिना! झाकणही आरशासारखं गुळगुळीत. वडिलांचं तसं नव्हतं. तेव्हा हे संध्याकाळी पत्ते कुटायला जायचे. दोन अधिक दोन मलाही येतात.”

“मग बाबांना विचारलं का नाहीत?”

“विचारलं असतं आणि खोटं सांगितलं असतं म्हणजे? न विचारता निदान संसार तरी धड झाला.”

आता सासरे गेले होते. माझ्या लेकीला नोकरी लागली होती आणि तिला आजोबांचं घड्याळ घालून पहिल्या दिवशी कामावर जायचं होतं. पण पत्त्यांत घालवलेल्याच्या जागी आणलेली वस्तू सासूबाई नातीच्या हातात घालायला तयार नव्हत्या.

माझं डोकं मुळातच लवकर तापतं. रागच आला मला. नातीशी सापशिडी खेळताना ज्यांना घाम फुटायचा, ते सासरे जुगार खेळणार? मग आठवलं, ते आरामखुर्चीतून या घड्याळात बघून सारखे मोठ्याने वेळ सांगायचे, आणि सासूबाई दर वेळी मान वळवून भिंतीवरच्या घड्याळात बघायच्या. मला वाटायचं, म्हातारपणाची सवय. त्यांचा या घड्याळावर विश्वासच नाही, हे कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी भिंग डोळ्याला लावलं. पट्टा ज्यांत अडकतो ते चारही पाय जाड होते, पिनांसाठी भोकं पाडलेले. ही पद्धत नंतरची. हे पाय घडले तेव्हा सासूबाईंचं लग्न होऊन गेलेलं असणार. थाप मारावी का, असा विचारही मनात येऊन गेला, पण त्या माझ्याकडे असं बघत होत्या की थाप ओठांपर्यंत आलीच नाही.

म्हणून मी घड्याळाचं अंग बघितलं. ते चांदीचं होतं आणि मागचं झाकण बिजागरीवर उघडणारं. अशी बिजागरीची झाकणं सासूबाईंच्या वडिलांच्या तरुणपणातली. म्हणजे अंग एका काळातलं आणि पाय दुसऱ्या! मी प्रत्येक पायाच्या बुडाशी भिंग नेलं. नव्या झाळणीच्या कडेला जुन्या झाळणीचा नखाएवढाही नाही असा अर्धगोल डाग दिसला. चारही ठिकाणी.

“आई, इथे पूर्वी तारेची कडी होती! कापून काढलीय आणि हे पाय मागून बसवलेत.”

“असेल. तशी जुन्या बाजारात छप्पन्न मिळतात,” त्या म्हणाल्या. सासूबाईंना पटवणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

मी झाकण उघडून आतली बाजू उजेडाकडे धरली. कडेला चार बारीक उंचवटे होते, ओळीने, जरासे वळणात. आतून पुरळ उठावं तसे. बाहेर त्याच जागी बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं. खड्डे बाहेरून घासून घालवले होते, आतून घासायच्या भानगडीत कोण पडतो?

“कशाने ठोकलंय कुणास ठाऊक,” मी म्हणाले. “चार खुणा आहेत, कडेला.”

सासूबाईंनी उघडं घड्याळ माझ्या हातातून जवळजवळ हिसकावलं. भिंग उलटं धरलं, सुलटं केलं, बराच वेळ बघत बसल्या.

“माझे दात,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“दात येताना मी रडायला लागले की वडील घड्याळ काढून माझ्या तोंडात द्यायचे. चांदी मऊ, चावून ठेवली मी. घरी येईल त्याला ते दाखवायचे, पोर घड्याळ खाऊन वाढलीय म्हणून.” त्यांनी त्या खुणांवरून अंगठा फिरवला. “गुळगुळीत झाकण बघितलं आणि मला वाटलं... अगं, हे खरंच दुरुस्तीला दिलं होतं गं त्यांनी!”

“कडी तुटली असणार. कारागिराने नवे पाय लावले आणि हौसेने पॉलिशही मारून दिलं.”

त्या रडत होत्या आणि हसत होत्या, दोन्ही एकदम. मलाही इतकं हलकं वाटलं की समोर सासूबाई आहेत हे विसरून मी त्यांना मिठी मारली. “सोड, घड्याळ दबेल,” त्या म्हणाल्या, पण स्वतः काही सोडेनात.

मी झाकण लावलं, किल्ली दिली, वेळ लावली. “लेकीसाठी नवा पट्टा लावून ठेवते,” म्हणाले.

“लाव, पण उद्या. आज माझ्या हातात राहू दे.”

पट्टा त्यांच्या मनगटाला फार सैल झाला. त्यांनी दुसऱ्या हाताने घड्याळ धरून ठेवलं आणि सासरे सांगायचे तशी मोठ्याने वेळ सांगितली. माझ्या दुकानाच्या चारही भिंतींवर घड्याळं टिकटिकत होती. त्यांनी एकाकडेही मान वळवली नाही.