वामनरावांनी आखलेली पंगत

वामनराव गणिताचे, मी वनस्पतिशास्त्राची. अमरावतीच्या एकाच कॉलेजात शिकवायचो आणि त्रेसष्ट सालचं अख्खं वर्ष आम्ही एका पानावरून भांडलो. पानात शिरांची जाळी असते. एक शीर फिरून दुसरीला जाऊन मिळते. वामनराव म्हणायचे, "सत्यवतीबाई, पाणी पोचवायला फांद्यांसारख्या फुटत जाणाऱ्या शिरा पुरतात. हे मधले सांधे म्हणजे निव्वळ उधळपट्टी. गणित तेच सांगतं." मी म्हणायची, "झाड उगाच सांधे जोडत नाही. नाहीतर झाडालाच शिकवा तुमचं गणित." दोघांनी मिळून लिहायचा लेख तिथेच अडून बसला होता.

त्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, ललिताचं लग्न आलं. अकोल्याला मांडव पडला. वामनराव आले, वाढप्यांची एकमेकांशी टक्कर होताना पाहिली आणि त्यांना राहवेना. "मी आखून देतो," म्हणाले. चुलीपासून एक मोठी वाट, तिला फुटलेल्या गल्ल्या, आणि वाढप्याने आपली गल्ली सोडायची नाही. खरं सांगते, काम इतकं झरझर चाललं की मला त्यांचा रागच आला.

तेवढ्यात वरपक्षाच्या गल्लीच्या अगदी तोंडाशी वरणाचा भरला गंज लवंडला. उकळतं वरण, पाय ठेवायची सोय नाही. आत परतवाड्याची मंडळी आणि त्यांच्यात नवरदेवाचे काका पुंजाजी, कोरड्या भातावर हात ठेवून. त्यांच्या रागाची कीर्ती वरातीच्या आधीच पोचलेली. ही माणसं पानावरून उठली असती, तर ललिताला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

शेजारच्या गल्लीत माझे मामा देवराव वरणाची भरली बादली घेऊन नुसते उभे.

"मामा, त्यायले वाढा ना!"

"तुह्या सरानं सांगतलं, गल्ली सोडाची नाई!"

"कावून वो," पुंजाजी गरजले, "आमाले वरन नाई का?"

मी जिवाच्या आकांताने ओरडले, "सरका! दोन पानायच्या मंधातून वाट द्या!"

माणसं हसत, पत्रावळी ओढत सरकली. एक वाट झाली, मग दुसरी, तिसरी. मामा आडवे घुसले. मागून वांग्याची भाजी आली, बुंदी आली. पुंजाजींनी वरणाचा भुरका मारून मान डोलावली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

वामनराव कुठे दिसेनात. चांगलं खडसवायचं म्हणून शोधत गेले, तर हे तोरणापाशी उभे. हातात आंब्याचं किडीने खाल्लेलं पान, उन्हाकडे धरलेलं.

"बाई, भोकाच्या पलीकडेही हिरवंच आहे हो! पाणी आडवाटेने पोचलं!"

"मग? वर्षभर काय सांगत होते मी?"

"तुम्ही सांगत होतात," ते म्हणाले, "पण माझ्या गणितातलं पान कधी कोणी कुरतडलंच नव्हतं."

मी इतकी हसले की ललिताने बोहल्यावरून वळून पाहिलं.