खिडकी लावल्यावर

थोरलीला एकच गोष्ट खुपत होती. तिची पोर हल्ली वेणी घालून घ्यायलासुद्धा काकूकडे पळायची.

साथ आली आणि सगळं ऑफिस घरून काम करायला लागलं. थोरली सुरक्षा अधिकारी, तिला रोज त्या रिकाम्या इमारतीत जावंच लागे. त्याच ऑफिसात हिशेब बघणारी धाकटी जाऊ मात्र घरी. समोर लॅपटॉप, कुशीत थोरलीची पोर. वर सासूबाईंचं कौतुक, "धाकटीनं घर काय सांभाळलं!" जशी थोरली बाहेर गोट्या खेळायला जात होती.

आता माणसं परत बोलवायची होती. कोणाच्या जिवाला काय धोका, कोणी यायचं, कोणी नाही, हे थोरलीनं ठरवायचं. धाकटीला दमा, आणि तिची जागा बुरशी धरलेल्या भिंतीच्या कोपऱ्यात.

थोरली ऑफिसात तो कोपरा तपासायला गेली, तर धाकटी स्वतःच येऊन उभी राहिली. "ताई, 'चालेल' म्हणा ना. घरी बसून बढती जाईल माझी. साहेबांना समोर दिसेल तोच माणूस आठवतो."

थोरलीला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ही इथं, पोर आपल्याकडे!

तिनं मेणबत्ती पेटवून विझवली. हवा खेळते की नाही, ते ती धुरावरून बघायची. धूर सरळ उघड्या खिडकीतून गेला.

"झालं की!" धाकटी हरखली.

थोरलीनं पेन उचललं. पण कामाच्या वेळी एसी चालतो आणि खिडक्या बंद असतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? स्वतःलाच शिव्या घालत ती उठली. खिडकी लावली, एसी चालू केला, मेणबत्ती पुन्हा विझवली. धूर कोपऱ्यातच घुटमळला. धाकटीला खोकल्याची उबळ आली. तिनं पर्समधला पंप तोंडाला लावला.

"नाही चालणार. भिंत नीट होईपर्यंत घरूनच."

"जळता तुम्ही माझ्यावर!"

"जळते. जळते म्हणूनच तुला आत्ता 'चालेल' लिहिणार होते."

धाकटीनं पंप पर्समध्ये टाकला.

"आणि बढतीचं साहेबांना मी विचारते. दम्याची शिक्षा द्यायला तो कोण लागून गेला?"

काकू घरीच राहणार हे संध्याकाळी पोरीला कळलं आणि ती काकूच्या गळ्यातच पडली. थोरलीनं कंगवा घेतला आणि पोरीला ओढून पुढ्यात बसवलं.

"आई, दुखतंय! काकू हळू घालते."

"घालत असेल," थोरली म्हणाली. "बस गप."