एक्केचाळिसाव्या पानावरचा वैद्य

मित्रांनो, मी एका खेळाच्या नियमांचं जुनं पुस्तक आहे. कोपरे झिजलेत, अंगभर चहाचे डाग आहेत. त्याचं मला काही वाटत नाही. वाटायचं ते कधीच वाटून झालं.

या खेळाला पट नसतो. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातले गडी होऊन फासे टाकतात आणि राक्षसांशी लढतात. माझ्यात सगळ्या शंकांची उत्तरं आहेत, असं मुखपृष्ठावर छापलंय. छापणाऱ्याचं काय जातं?

माझं आयुष्य दोघी बहिणी आणि त्यांची आत्या यांच्यात गेलं. दर रविवारी दुपारी दवाखान्यात नर्स असलेली थोरली गोष्ट सांगायची, धाकटी तलवारवाली व्हायची, आत्या वैद्य. जिथे माझं बोलणं गुळमुळीत, तिथे तिघी चहा निवेपर्यंत भांडायच्या. मग थोरली निकाल द्यायची आणि समासात पेन्सिलीने लिहायची. तो पुढे सगळ्यांनी पाळायचा.

एक्केचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं, वैद्य पडलेल्या गड्याला एकदा उठवू शकतो. एका लढाईत एकदा की सबंध खेळात, ते सांगायला लिहिणारा विसरला. थोरलीने लिहून टाकलं, ‘सबंध खेळात.’ इतकं दाबून की अक्षरं मागच्या बाजूला उठली.

पुढे वैद्याने एकदा उठवलेली धाकटीची तलवारवाली दलदलीत दुसऱ्यांदा पडली. नऊ वर्षं सांभाळलेली. आत्याने रदबदली केली, थोरली हटली नाही.

“ताई, पुस्तकात असं कुठे म्हटलंय?”

“मी लिहिलंय ना, मग म्हटलंय.”

“मग बस त्या पुस्तकाशीच खेळत.”

धाकटी गेली ती गेलीच. फोनसुद्धा नाही. खेळ बंद पडला. उरलेल्या दोघी माझ्यावर इस्त्री ठेवू लागल्या. गरम असायची की गार, आठवत नाही.

वर्षभराने थोरली खोडरबर घेऊन बसली. दाबून लिहिलेलं दाबूनच खोडावं लागलं. कागद फाटला. तिच्या निकालाबरोबर शेजारचा माझा नियमही गेला. आत्या म्हणाली, आता कर आणखी शहाणपणा.

थोरलीने धाकटीला फोन लावला.

“एक्केचाळिसावं पान फाटलंय. वैद्याचं काय होतं गं?”

पलीकडून धाकटी म्हणाली, “दर लढाईत एकदा. असंच होतं बहुतेक.”

असं नव्हतं. तिघींनाही ते ठाऊक होतं.

“हो, असंच होतं,” थोरली म्हणाली. “रविवारी लवकर ये.”

मित्रांनो, पुस्तकांपासून चहा लांब ठेवा. समासात लिहायचंच असेल, तर हलक्या हाताने लिहा. माझं भोक दुखत नाही. त्यातून पुढचं पान दिसतं, इतकंच.