नगराध्यक्षाच्या नावाचं पाणी

काळ्या तिळांची वाटी पाटाशेजारी ठेवून हेमावती म्हणाली,

"यंदा माझ्या वडिलांचं नाव घ्यायचं नाही."

बोटात दर्भाचं पवित्रक चढवता चढवता शेषगिरी थांबले. बाबूभटांनीही पोथीतून मान वर केली. एकोणचाळीस वर्षं माळमड्डीच्या या घरात सर्वपित्री अमावस्येला सासऱ्यांची पाळी आली, की शेषगिरी खणखणीत आवाजात 'कार्ल' म्हणत. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप लावतात. तेव्हा हा जर्मन सासरा दर भाद्रपदात काश्यप गोत्राचा होऊन धारवाडचं पाणी पीत असे. पहिल्या वर्षी शेषगिरींच्या आईने नाक मुरडलं होतं. पुढे तिलाच ते नाव पाठ झालं आणि मुलगा विसरला तर ती आठवण करून देऊ लागली.

"अगं, पण झालं काय?"

हेमावतीने कमरेला खोचलेला कागद काढून त्यांच्यापुढे धरला. लग्नात हेल्गाची हेमावती झालेली ही बाई आता भाजीवालीशी कानडीत हुज्जत घालत असे, पण वडिलांविषयी बोलताना डोळ्यांत अजून दहा वर्षांची मुलगी दिसे. तीन हजार वस्तीच्या गावाचे ते नगराध्यक्ष. हिटलर आला तेव्हा होते, पडला तोवर होते. त्यांनी नदीवर पूल बांधला, बर्फात म्हाताऱ्यांच्या दारी स्वतः लाकडं पोचवली, लेकीला नगरपालिकेच्या अंगणात सायकल शिकवली. नाझींच्या सभेत ते नेहमी मागच्या रांगेत बसत, हे ती नातवंडांना अभिमानाने सांगे. त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

कागद म्हणजे बेचाळीस सालच्या रहिवासी नोंदवहीच्या पानाची झेरॉक्स. त्या गावचा कुणी तरुण मास्तर जुनी दप्तरं चाळत होता, त्याने पाठवलेली. पानावर अकरा नावं, गावातली सगळी ज्यू माणसं. पोलिसांनी त्यांना मृत्युछावणीच्या आगगाडीत कोंबलं. प्रत्येक नावापुढे नगराध्यक्षांच्या अक्षरात एकच शेरा होता: गाव सोडून गेले, पत्ता ठाऊक नाही. खाली सही.

"पत्ता ठाऊक नाही म्हणे," हेमावती म्हणाली. "फलाटावर उभे होते की पापा स्वतः. त्या मास्तरानं तेही लिहिलंय."

शेषगिरींना तिची फार माया आली, आणि तिला जवळ घ्यावं तर समोर भटजी.

तिने दुसरा कागद पुढे केला. अकरा नावं देवनागरीत, शाळकरी मुलीसारखी आखून लिहिलेली.

"त्यांच्या जागी ही घ्या."

बाबूभटांनी कागद उलटसुलट पाहिला.

"ज्यांचं कुणी नाही त्यांनाही पाणी देतात, अक्का. त्याला हरकत नाही. पण नातं काय म्हणू?"

"शेजारी."

"बरं की. शेजारी."

शेषगिरी एकेक नाव घेऊन तीळपाणी सोडू लागले. हेमावती ओंजळीत पाणी घालता घालता उच्चार सुधारत होती. याकोब. मिना. नवव्या नावाशी तिचा हात थांबला.

"लोट्टे. माझ्या बाकावर बसायची. मावशीकडे गेली, असं मला सांगितलं."

"कुणी?"

"पापांनी."

अकरा नावं झाली. बाबूभटांनी पोथीचं पान उलटलं. शेषगिरींनी मात्र ओंजळ तशीच धरून ठेवली. हातात नुसते तीळ होते. त्यांनी बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही. पाटावर मांडी घालून गप्प बसून राहिले.

"अण्णा, आटपायचं का?" बाबूभटांनी विचारलं.

अण्णा हलले नाहीत.

"घ्या त्यांचंही," हेमावती म्हणाली. "सगळ्यांच्या शेवटी."

बाबूभटांचा चेहरा उजळला. त्यांनी सवयीने सुरुवात केली, "श्वशुर, काश्यप गोत्र..."

"श्वशुर नको."

"मग नातं काय सांगू, अक्का?"

"या अकरा जणांचे नगराध्यक्ष."

बाबूभट जसंच्या तसं म्हणाले. शेषगिरींनी नाव घेतलं, हळू आवाजात. हेमावती त्यांच्या ओंजळीत पाणी ओतू लागली. ओंजळ भरली, पाणी धोतरावर सांडलं, ताम्हण भरून जमिनीवर आलं, तरी तिने भांडं सरळ केलं नाही.