मूळ प्रत

देवमन सर अकोल्याहून आले, तेव्हा मी संगणकाच्या काळ्या पडद्यासमोर बसलो होतो. राजापेठेतील या क्लासमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे भौतिकशास्त्र शिकवले. त्यांची व्याख्याने चित्रित करून जपणे हे माझे काम. गेल्या उन्हाळ्यात त्यांचे स्वरयंत्र काढावे लागले. आता क्लासचा सर्व्हर बंद पडला होता, आणि सरांना केवळ एक व्याख्यान हवे होते.

"कोन्तंयी चालते, भाऊ," सरांच्या पत्नी शकुनकाकू म्हणाल्या. "घरी ह्यायचे नुसते फोटो हायेत. बोलतानाचं कायीच नाही."

सर शेजारी उभे होते, गळ्याला रुमाल बांधून.

मी बॅकअपची डिस्क जोडली. तिच्यावरील पहिली प्रत संपूर्ण सबव्हॉल्यूमची, म्हणजे व्याख्याने साठवलेल्या अख्ख्या कप्प्याची. नंतरच्या प्रत्येक प्रतीत केवळ आधीच्या प्रतीनंतर झालेला बदल. पहिली उलगडावी, तिच्यावर दुसरी बसवावी, असे चढत जायचे. मी कमांड लिहिली. उत्तर आले : मूळ सबव्हॉल्यूम सापडत नाही.

"काहून थांबलं रे, विपुल?" क्लासचे मालक शेखरभाऊ दारातून म्हणाले.

"पहिली प्रत दिसत नाही, भाऊ."

"थे म्या उडवली. नव्या सरच्या जाहिरातीले जागा पुरत नव्हती. सगळ्यात जुनी, सगळ्यात मोठी थेच होती. बाकीच्या ठेवल्या ना बाप्पा."

"बाकीच्यायमंदी नुसता फरक हाय. थे नसली तं ह्या उघडत नाही."

पुसलेल्या जागेतही मी शोधून पाहिले. तिथे आता जाहिरातींचे रंगीत चेहरे वस्तीला आले होते.

"मंग नव्या सरचे लेक्चर?"

"थेयी गेले."

तेव्हा कुठे शेखरभाऊंचा चेहरा उतरला. ते मोबाइल काढून व्हरांड्यात गेले.

"म्हंजे नाहीच का, भाऊ?" काकूंनी विचारले. मी मान हलवली. त्यांनी पिशवीतून आणलेला नवा पेनड्राइव्ह वेष्टनासकट परत पिशवीत ठेवला.

व्हरांड्यातून शेखरभाऊंचे नव्या सरांशी फोनवरचे बोलणे स्वच्छ ऐकू येत होते. "टेन्शन नका घेऊ, सर. उद्यापासून पुन्हा घेऊ रेकॉर्डिंग. तुमचा आवाज कुठी पळून चालला?"

देवमन सरांनी माझ्याकडे पाहिले आणि ते काहीतरी बोलले. ओठ हलले, पुरते एक वाक्य हलले. मला त्यातला एकही शब्द कळला नाही, आणि पुन्हा विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.