रुखवतातलं दुकान

"गंगासागर, तुझं नाव तेवढं काढ आन् तिथं रोहिणीचं लाव," आई म्हणाली.

वैनी पुठ्ठा पुढ्यात घेऊन बसली होती. मी शेजारीच, दोन्ही हातांना ओली मेंदी लावून. दुसऱ्या दिवशी माझं लग्न होतं.

सत्त्याण्णव साल. घाटनांदुरात कुणाचंही लग्न निघालं की रुखवत आमच्या वैनीनं करायचं, हे ठरलेलंच. सुपारीचे नवरा-नवरी, लोकरीची तुळस, सगळं फुकट. अशात वैनीच्या बचत गटाला शिकवायला बीडहून एक बाई आल्या. पाच वर्षांनी तुमचा धंदा कसा असेल त्याचं चित्र करून आणा, ज्या दोघींचं आवडेल त्यांना प्रदर्शनात गाळा, असं सांगून गेल्या. वैनीनं टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. पेपरच्या पुरवण्यांतून कापलेलं काचेचं कपाट, लाल फोन, फिरती खुर्ची चिकटवली. वर गव्हाच्या दाण्यांनी नाव लिहिलं, 'गंगासागर रुखवत केंद्र'. आठ दिवस ती त्यात बुडाली होती. तिला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि नेमके त्या दिवशी बद्रीनाथकाका पाट समजून माझ्या रुखवतातल्या, कापडानं झाकलेल्या थर्माकोलच्या महालावर बसले. महाल मोडला, रुखवताची मधली जागा रिकामी झाली.

"परवा बाई बगाया येनार हायेत," वैनी हळूच म्हणाली.

"दुसरा करशील की. तुला काय, हातचा मळ हाय," आई म्हणाली.

"एका दिवसात न्हाई व्हायचा, आत्याबाई."

दादा दारातूनच म्हणाला, "घरचं लग्न हाय. कावून वाद घालायलीस?"

वाद तिनं घातलाच नव्हता. 'राहू दे' असं मी म्हणायला हवं होतं. पण वडवणीच्या, सासरच्या पाहुण्यांसमोर रुखवत उणं दिसलं असतं. खरं सांगते, मलाही तो पुठ्ठा हवा होता.

वैनीनं विळीच्या टोकानं एकेक दाणा उचकटला. तेच दाणे लावून लिहिलं, 'रोहिणीचा संसार'.

बाई आल्या त्या दिवशी पुठ्ठा माझ्याबरोबर वडवणीला पोचला होता. वैनी रिकाम्या हातांनी बसून राहिली. एक गाळा छबुबाईच्या गोधड्यांना गेला, दुसरा कुणालातरी.

सासरी त्याला काचेची चौकट केली. बैठकीत, दारासमोर लावला. माझ्या नावाखाली जुन्या डिंकाचे डाग दिसतात. ते फक्त मलाच दिसतात, अशी मी मनाची समजूत घालत होते.

लेकीच्या बारशाला वैनी आली. चौकटीपुढे थांबली. पदरानं काच पुसली, कपाटापाशी जरा जास्तच.

तेवढ्यात सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "तुमीच केलाय म्हणं. आमच्या धाकटीचं, शिवकन्याचं, औंदा जमलंय. तिच्या रुखवताला असाच एक करून द्या की."

वैनी चौकटीकडेच पाहत होती.

"देते की," ती म्हणाली. "पुठ्ठा तेवढा मोठा बगून ठेवा. ह्या बारीला दुकान मोठं करायचंय."